जड राख

९ सप्टें. १९४५. कटानिया, सिसिली बेट

राजूरहून धोंडूच्या बापाचं, भिवाबाचं पत्र. अक्षर शाळामास्तरांचं, बोल म्हाताऱ्याचे. खुशाली नाही, हवापाणी नाही. "तुमी आपल्या हातानं धोंडूला आग्नी दिला ह्ये वाचून जीव थंड झाला. आता येताना राख आना. परवरेत सोडू. त्याची आई वाट बघती."

दोनदा वाचलं. डाळीला फोडणी द्यायची राहून गेली. जेवणारांनी गुपचूप खाल्लं, म्हणजे माझं तोंड पाहिलं असणार.

धोंडू जाऊन दहा महिने झाले. तिकडे इटलीत, नदीला पूर होता, पुलाची कड खचलेली. त्याची मोटार आत गेली. मोटार दुसऱ्या दिवशी निघाली. धोंडू नाही. तीन दिवस काठ धुंडाळला, खाली पार समुद्रापर्यंत. एक मफलर मिळाला, तोही त्याच्या बिछान्यात.

तेव्हाही म्हाताऱ्याचं पत्र आलं होतं, त्यात एकच सवाल: आग्नी मिळाला का? मी लिहिलं, मिळाला, माझ्या हातानं दिला. एक ओळ. लिहून झोप लागली होती चांगली.

स्वतःला हुशार समजतो. नगरला खानावळीच्या दारात माणूस उभा राहिला की त्याच्या पायताणाच्या आवाजावरून सांगतो, हा दोन भाकरी खाणार की चार. आणि अग्नीच्या मागून राख येते एवढं सुचलं नाही.

११ सप्टें.

पत्र इब्राहिमला दाखवलं. कर्जतचा शेख इब्राहिम, आमचा हवालदार. चार वर्षं माझ्या हातचा पहिला घास त्याच्या ताटात. खोटं लिहिलं हे त्याला एकट्यालाच ठाऊक.

"तवाच म्हनलो हुतो, रामा. मानूस पुरता येतो, खोटं न्हाई पुरता येत."

"मग आता खरं लिहू?"

"धा महिन्यांनी?" मग म्हणाला, "कुनाला लिवनार? म्हाताऱ्याला का म्हातारीला?"

हे बोलणं मनात राहिलं.

धोंडूच्या भरतीचं पाप माझ्या माथी आहे, हे इथे वहीत तरी लिहावं. तो नगरला मोटारीवर होता, दोन वेळ माझ्याकडे जेवायचा. राजूरचा म्हणून मी त्याच्या ताटात नेहमी वरून एक कालवणाची पळी टाकायचो. मीच म्हणालो, घरी जाऊन राब भाजत बसण्यापेक्षा सरकारी मोटार बरी, चल माझ्याबरोबर. मी लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, तो ड्रायव्हर. हसत आला. भिवाबा तेवढे म्हणाले होते, "तू हायस ना संगं?" मी हो म्हटलं होतं. म्हाताऱ्याशी माझे सगळे हो असेच.

१३ सप्टें.

तळावर पाटी लागली. रविवारी जळत्या डोंगराची सहल. लॉरीने अर्ध्या डोंगरापर्यंत, पुढे वाटाड्याबरोबर पायी, संध्याकाळी परत. ज्यांना हवं त्यांनी नाव द्यावं.

डोंगर इथून रोज दिसतो. एटना म्हणतात. माथ्यावर धूर कायम. आलो त्या पहिल्या सकाळी वाटलं, कुणी राब भाजतंय. आमच्या राजूरकडच्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर फांद्या, पाला, शेणी पसरून जमीन भाजतात, उन्हाळ्यात डोंगरभर असाच धूर. धोंडूला दाखवायला हवं होतं असं वाटलं होतं.

आज तोच धूर पाहताना लहानपणचं आठवलं. राजूरला ओढ्याच्या पुरात एक गडी गेला, अंग मिळालं नाही, तेव्हा त्याच्या भावांनी पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. लोक रडले तसेच रडले. कुणी म्हणालं नाही की हे पीठ आहे.

तळावर का नाही करत? चुली सगळ्या रॉकेलच्या. रॉकेलवर माणसाला अग्नी देत नाहीत. आणि त्याच चुलीवर परत साडेतीनशे लोकांचा चहा. लाकडाची तर इथे काडी मिळत नाही, लढाईत गावंच्या गावं जाळून बसलेत बिचारे.

नाव दिलं. इ.नेही दिलं. म्हणाला, "गोरे तिथं फोटू काढाया चाललेत अन् तू मयत घेऊन."

१५ सप्टें.

तांदूळ बाटलीने वाटले. गव्हाची कणीक सोपी होती, पण धोंडू भातावर वाढलेला. गरम पाण्यात उकड काढली, मळली. वीतभर पुतळा. हात, पाय, डोकं. हजारो भाकऱ्या थापल्या, पण पिठाला नाक काढताना बोटं अडली. धोंडूचं नाक जरा बसकं होतं. तसं केलं.

इ. दारात उभा राहून आडोसा करत होता. कुणीतरी विचारलं काय चाललंय, तर हा म्हणतो, "वस्तादांचा सण हाय." त्याने आत डोकावून बघितलं नाही. नंतर म्हणाला, "जवळचा गडी हुता, रामा. मी पन यतो, पन लांब उभा ऱ्हाईन."

मफलरचा तुकडा फाडून पुतळ्याला गुंडाळला. जॅमचा रिकामा डबा घासून ठेवला.

१६ सप्टें. रविवार

आज सविस्तर लिहायचं आहे. पाय ओरडताहेत, पण उद्या लिहीन म्हटलं तर उद्या मी त्यात मीठमसाला घालीन. स्वभाव माहीत आहे.

पहाटे दोन लॉऱ्या. दहा गोरे, आम्ही सहा. रस्ता द्राक्षांच्या मळ्यांतून. मळ्यांच्या ताली काळ्या दगडाच्या, घरं काळ्या दगडाची, देऊळही. दगड हातात घेऊन पाहिला आणि थबकलोच. हा तर आपलाच दगड. हरिश्चंद्रगडाचा, नगरच्या किल्ल्याचा. गोऱ्यांचा एक साहेब सगळ्यांना समजावून सांगत होता की हा दगड म्हणजे डोंगरातून ओतलेला रस, निवून झालेला. माझे कान तिकडेच. म्हणजे आपला सह्याद्रीसुद्धा कधीतरी उतू गेलेला असणार. आपण त्याच्या खरवडीवर नाचणी पेरतो.

लॉरी थांबली तिथे वाटाड्या उभा. साठीचा, वाकडी टोपी, लोखंडी टोकाची काठी, गळ्यात शिट्टी. नाव साल्वो. शिट्टी वाजली की सगळ्यांनी माघारी फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही, हे त्याने हातवारे करून तीनदा सांगितलं. बाकी दिवसभर एकच शब्द: "पियानो, पियानो." म्हणजे हळू. इटलीत भाजीवाल्यांशी घासाघीस करून मला एवढं येतं.

काळी वाळू. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. इ. म्हणाला, "कर्जतच्या रानात चालल्यावानी हाय, फकस्त उभं." वर वर गार वारा, आणि पायताणाखाली मात्र ऊब. तव्यावर भाकरी टाकायच्या आधी हात धरून बघतो तशी. वास जळक्या काडेपेट्यांचा. एके ठिकाणी जमिनीला भेगा, त्यातून वाफ. तिथून माथा अजून बराच वर, आणि तो मधून मधून पोट बिघडल्यासारखा गुरगुरत होता. साल्वो म्हणाला, इथवरच. माथ्यावर आज ती कुणाला येऊ देत नाही. डोंगराला तो घरातल्या म्हातारीसारखं बोलत होता, जरा भिऊन, जरा लाडाने.

मग त्याचा खेळ. भेगेत काठी घातली, बाहेर काढली, टोकाला जाळ. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग खिशातून अंडी, गरम वाळूत पुरली, थोड्या वेळाने एकेकाला वाटली. मला हसू आलं. जन्म चुलीपुढे गेला, आणि सुट्टीच्या दिवशी एवढा डोंगर चढून चूलच पाहायला आलो. अंडं मोडून पाहिलं. बाहेरून घट्ट, आत पाणी. ही माझी जुनी खोड. वरच्या रंगावर भरवसा नाही, मोडून आतलं पाहिल्याशिवाय पानात वाढत नाही. सोळा वर्षांत माझ्या हातून कच्चं काही कुणाच्या ताटात गेलं नाही.

गोरे फोटोला उभे राहिले तसा मी साल्वोला बाजूला घेतलं. पिशवी उघडली. त्याने पुतळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आता हा वेडा निघाला असं तोंड. मी म्हटलं, "फ्रातेल्लो." भाऊ. पाण्याची खूण केली, नदीची, हात रिकामे दाखवले.

त्याने टोपी काढली. हाताला धरून मला थोडं वर नेलं, जिथे तो कुणालाच नेत नव्हता. तिथे भेग हातभर रुंद, आत लालसर उजेड, तोंड भाजत होतं. इ. खाली लांब उभा, दोन्ही हात पुढे बांधून.

मंत्र येत नाहीत. मी म्हटलं, धोंडू, भिवाबाच्या नावानं, तुझ्या आईच्या, चिमाआईच्या नावानं. आणि साल्वोच्या काठीच्या टोकावरून पुतळा आत सोडला. कडेच्या कंगोऱ्यावर टेकला.

आता लिहायचं ते लिहितोच. मफलर भुर्रकन गेला. पण पुतळा पेटेना. उकडच ती, पाण्याची. तो भाजायला लागला. आणि वास आला. तांदळाच्या भाकरीचा, तव्यावरची पहिली भाकरी सुटते तो. त्या काड्यांच्या वासातून सरळ नाकात. पोटात भूक उठली. उठली, काय करू? धोंडूला अग्नी देताना मला भूक लागली. आणि हात आपोआप काठी घेऊन पुढे गेला, पुतळा उलटायला. एक बाजू करपत होती ना. मधेच भान आलं, हात मागे घेतला. तेव्हा रडू आलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

तेवढ्यात वारा फिरला. पांढरा धूर सगळा अंगावर, श्वास कोंडला. साल्वोची शिट्टी. माझी कॉलर धरून ओढत खाली. मागे वळून पाहिलं, काही दिसलं नाही. जळाला की नुसता भाजला, कळलं नाही.

त्याच्या राखेला हात पोचणं शक्यच नव्हतं. खालच्या भेगेजवळची काळी वाळू, वरून पडलेली, ऊन ऊन, ती डब्यात भरली.

१७ सप्टें.

इ. सकाळी चहाला. "झालं ना मनासारखं?"

झालं म्हणालो.

"मग डब्यात काय हाय?"

"त्या डोंगराची राख."

"आन् म्हाताऱ्याला काय सांगनार?"

"राख."

"लई हुशार हायस," म्हणाला आणि कप ठेवून गेला.

२ डिसें. बोटीवर

समुद्र शांत. निम्मे लोक आडवे, त्यामुळे लंगरात काम कमी. डबा माझ्या ट्रंकेत. रोज एकदा हलवून पाहतो. राखेसारखा आवाज येत नाही. खडी हलवल्यासारखा येतो.

धोंडू हसायचा तेव्हा तोंडावर हात धरायचा, पुढचा दात पडलेला म्हणून. हे भिवाबांना ठाऊक असेल का? दात नगरला पडला होता.

१४ जाने. १९४६. नगर

घरी. सौ.ने चार वर्षांत खानावळ वाढवली आहे. दोन बाकं जास्त, भिंतीला चुना. माझ्यापेक्षा बरी चालवते, हे तिला सांगितलं नाही, ते तिला माहीत आहे. डब्याची सगळी हकीकत ऐकून घेतली.

"देवापाशी नका ठेवू."

"का?"

"देवाला विचारा आधी, काय म्हणून ठेवू." मग जरा मऊ झाली. "त्या माउलीला काय करायचंय खरं? तिला हातात धरायला काहीतरी हवंय." आणि लगेच, "पण तुम्ही म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलून दाखवा, मग मी मानते."

इ. कर्जतला गेला. स्टेशनवर गळ्यात पडला तेव्हा कानात म्हणाला, "डबा देशील तवा झाकन तू उघडू नको. त्येंला उघडू दे."

८ फेब्रु. राजूर

काल आलो. बाजाराचा दिवस. ज्या कोपऱ्यावर मी पोरवयात भजी तळायचो तिथे आता कापडवाला बसतो. भिवाबाचं घर इथून दोन कोस वर. पायी गेलो, डबा फडक्यात.

चिमाआईंनी डबा मांडीवर घेतला. डब्यावर हात ठेवून बसून राहिल्या, पोर झोपवताना ठेवतात तसा.

भिवाबांनी झाकण काढलं. चिमूट घेतली. बोटांत चोळली. मग तळहातावर घेऊन हळूच फुंकर मारली. उडाली नाही.

पन्नास वर्षं राब भाजणारा माणूस. ऐनाच्या लाकडाची राख कुठली, शेणीची कुठली, हे डोळे मिटून सांगेल. त्याच्यापुढे मी तो डबा ठेवला होता. ह्याचा विचार आला नव्हता! इटलीत नाही, बोटीवर नाही, नगरला नाही. मी राजूरचा.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "जड हाय," म्हणाले. झाकण लावलं.

आज सकाळी प्रवरेवर. चिमाआईंनी झेंडूची फुलं वाहिली. भिवाबांनी डबा तिरपा केला. राख पाण्यावर पसरते, तरंगत जाते. ही सरळ तळाला गेली, काळी रेघ ओढून. चिमाआई म्हणाल्या, "बघा, कसा लगीच गेला. कुटं आडकला न्हाई." समाधानानं म्हणाल्या.

अर्धी राख भिवाबांनी ठेवून घेतली. चिंधीत बांधली, कंबरेला खोचली. मला स्टँडपर्यंत सोडायला आले. मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा भलतंच बोललो, मोटारींच्या वेळा वगैरे.

२१ मार्च. नगर

धंदा चांगला. लोक इटलीच्या गोष्टी विचारतात, मी रंगवून सांगतो. जळत्या डोंगराची गोष्ट सगळ्यांना आवडते. अंडं आतून कच्चं निघालं इथे सगळे हसतात. मी तिथेच थांबतो.

सौ. आतून म्हणाली, "पुढचं?"

३ मे

राजूरच्या एका व्यापाऱ्याबरोबर भिवाबाचा निरोप. "राब भाजायचाय. रामभाऊला म्हनावं ये."

गडी काय कमी आहेत त्यांना? मला बोलावतात. सौ.ने न विचारता भाकरी बांधून दिली.

६ मे. भिवाबाचं शेत

बांधावर बसून पेन्सिलीनं लिहितो आहे. समोर राब विझत आलाय.

सकाळी वारा पडलेला असतानाच भाजायचं असतं. आलो तेव्हा वाफा तयार. शेणी, ऐनाच्या फांद्या, वर पाला, वर माती. भिवाबांनी पेटती चूड माझ्या हातात दिली.

"तू दिला म्हनलास ना आग्नी. कसा दिलास त्ये दाव."

चूड हातात. जाळ बोटांकडे येत होता. म्हटलं, "भिवाबा, तिथं लाकूड नव्हतं."

"ठाव हाय. आदी काडी लाव. वारा उठंल."

लावली. उलट्या अंगाने, वाऱ्याकडून नाही, हे अजून हाताला आठवतं. राब धुमसत गेला, आणि आम्ही दोघं बांधावर. मग त्यांनी कंबरेची चिंधी सोडली, मधे ठेवली. "आता सांग. ह्ये काय हाय?"

सांगितलं. पहिल्यापासून. पूर, मफलर, माझी एक ओळ, पाटी, साल्वो, पुतळा. नाक बसकं केलं होतं तेही. मधे एकदाच त्यांनी विचारलं, "तुला कुनी सांगितलं हुतं, खोटं लिव म्हनून?" नाही म्हणालो. "आन् पुतळा कर म्हनून?" त्यालाही नाही. वासाचं आणि भुकेचंही सांगितलं.

राबात एखादी फांदी तडतडत होती.

मग म्हणाले, "आतनं शिजला का कच्चा ऱ्हायला?"

सोळा वर्षं मोडून पाहिल्याशिवाय पान वाढलं नाही, आणि हे एक मला माहीत नाही. तसं म्हणालो. माहीत नाही, शिट्टी वाजली.

"त्यो डोंगर इझतो का मधी?"

"नाही. आजवर विझलेला नाही म्हणतात."

"मग शिजंल," म्हणाले. चिंधी उचलली, पण कंबरेला खोचली नाही. माझ्या हातात दिली. "म्हातारीला तू सांगायचं. म्या न्हाई. सांगायचं का न्हाई त्ये बी तूच बघ. माझं ऐकून झालं."

पायवाटेला चिमाआई दिसताहेत. डोक्यावर भाकरीची पाटी, चाल हळू. भिवाबा उठून मुद्दाम पलीकडच्या बांधाला गेले आहेत, पाठ करून. चिंधी माझ्या मुठीत. त्या हाक मारताहेत, "रामा, आरं, जेवलास का न्हाई?"

वही खिशात घालतो.